पासवर्ड किती जणांकडे आहे, ते आधी मोजा

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातले एक कुटुंब, माणसे चार, फोन दोन. जीमेल, फेसबुक, नेटबँकिंग, आयआरसीटीसी आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचे महाडीबीटी खाते, सगळीकडे एकच पासवर्ड: वडिलांचे नाव, मग 'ॲट'चे चिन्ह, मग जन्मसाल. तो गावातल्या सेवा केंद्रचालकाला माहीत आहे आणि पुण्यात शिकणाऱ्या भाच्यालाही. आता फोनवर गुगलची सूचना आली आहे की हा पासवर्ड चोरीला गेलेल्या यादीत सापडला. विचारले आहे ते हे: पासवर्ड दर महिन्याला बदलावा का, वहीत लिहून ठेवला तर चालेल का, आणि पासवर्ड मॅनेजरवर, म्हणजे सगळे पासवर्ड बनवून कुलूपबंद साठवणाऱ्या ॲपवर, भरवसा ठेवावा का.

आधी उत्तरे देऊन टाकतो. दर महिन्याला बदलू नका. वहीत लिहिलेले चालते. मॅनेजर वापरा. मात्र या तिन्हींच्या आधी एक हिशेब करायला हवा, तो म्हणजे हा पासवर्ड किती ठिकाणी चालतो आणि किती जणांना ठाऊक आहे. तुमच्याकडे तो पाच ठिकाणी आणि निदान सहा जणांकडे आहे. अशा स्थितीत त्यात एक मोठे अक्षर आणि दोन चिन्हे वाढवून काहीही साधत नाही.

गळालेल्या यादीचा अर्थ नीट समजून घ्या. गुगलमधून पासवर्ड चोरीला गेला असे ती सूचना सांगत नाही. कुठल्यातरी दुकानाच्या, खेळाच्या किंवा नोकरीच्या वेबसाइटची माहिती चोरीला जाते, त्यातली ईमेल-पासवर्डची जोडी यादीत येते, आणि मग ती जोडी यंत्राने हजारो ठिकाणी लावून पाहिली जाते. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. ते उघड्या मजकुरात साठवलेले होते आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. लिंक्डइनची २०१२ ची चोरी २०१६ मध्ये पुन्हा वर आली, ११ कोटींवर खात्यांसह. म्हणजे चोरी आज होते आणि तिचा त्रास चार वर्षांनीही होऊ शकतो. तुमचा ईमेल अशा कोणत्या चोरीत आला आहे ते पाहायचे तर ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली 'हॅव आय बीन पॉन्ड' ही साइट आहे. तिथे फक्त ईमेल टाकायचा. ईमेल तपासताना जी साइट पासवर्डही मागते, ती बंद करा.

चांगल्या वेबसाइट पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, ठेवतात. हॅशवरून उलटा पासवर्ड काढता येत नाही. म्हणून चोर अंदाज बांधतो, त्या अंदाजाचा हॅश काढतो आणि यादीशी जुळवतो. जुन्या, वेगवान पद्धतीचा हॅश असेल तर एका चांगल्या ग्राफिक कार्डावर सेकंदाला एक हजार कोटी अंदाज सहज होतात. आता तुमचाच साचा घ्या. महाराष्ट्रातली नावे नि आडनावे मिळून १०,००० धरा, जन्मसाले १००, मधे येणारी चिन्हे ५, पहिले अक्षर मोठे की लहान असे २ प्रकार. गुणाकार होतो एक कोटी. हे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते. दहा आकडी मोबाइल नंबर ठेवलात तरी ६ ते ९ ने सुरू होणारे एकूण ४०० कोटी, म्हणजे अर्धा सेकंद. आठ अक्षरांचा पूर्ण विस्कळीत, म्हणजे कुठल्याही साच्याविना निवडलेला पासवर्ड, त्यात अक्षरे, आकडे, चिन्हे सगळे काही, त्याला याच वेगाने सात दिवस लागतात. फक्त अक्षरे आणि आकडे असलेल्या पण बारा लांबीच्या विस्कळीत पासवर्डला दहा हजार वर्षे. चिन्हांपेक्षा लांबी कामाची, ती अशी.

मात्र विस्कळीत बारा अक्षरे पाठ होत नाहीत, आणि पाठ करण्याची गरजही नसते. पाठ करायचे पासवर्ड घरटी दोनच: जीमेलचा आणि मॅनेजरचा. बाकीचे यंत्राने बनवायचे आणि यंत्रातच राहू द्यायचे.

या दोनसाठी शब्दांची माळ सर्वांत सोयीची. फासा टाकून शब्द निवडण्याची ही पद्धत आर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडली. फासा पाच वेळा टाकला की ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द ठरतो. वरच्याच वेगाने हिशेब केला तर असे चार शब्द साधारण चार दिवसांत पडतात, पाच शब्दांना नव्वद वर्षे लागतात आणि सहा शब्दांना सात लाख वर्षे. चार आणि पाच यांतला फरक पाहा आणि चारवर थांबू नका. हाताशी मराठी यादी नसेल तर घरातला जाडजूड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, शब्द लिहा. शब्द फारच अवघड निघाला तर पुन्हा उघडा, पण आवडता मिळेपर्यंत उघडत बसू नका. या पद्धतीत नेमकेपणा थोडा कमी असतो, म्हणून सहा शब्द घ्या. नमुना म्हणून: कढई, टपाल, उतार, पितळ, गुरुवार, फणी. (हा इथे छापला गेला, म्हणजे वापरायच्या कामाचा राहिला नाही.)

शब्द फाशाने किंवा बोटाने निवडायचे, मनाने नाही. केळी, भरीत, शेवभाजी, कानबाई, सोने असे शब्द जोडून झकास खान्देशी पासवर्ड होतो, पण तुम्ही जळगाव जिल्ह्यातले आहात हे ज्याला माहीत आहे तो नेमके तिथूनच सुरू करेल. अभंग, ओवी, म्हण, गाण्याची ओळ यांचेही तसेच. लांब दिसतात, पण इंटरनेटवर जशाच्या तशा पडलेल्या असतात.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना एक अडचण येते, तिच्याबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत काही सापडणार नाही. आपल्याकडे 'वहिनी' लिहिताना कुणी व्ही लावतो कुणी डब्ल्यू, 'फणी'ला कुणी एफ तर कुणी पी-एच, शेवटी आय एकदा की ई दोनदा यावर घरात एकमत नसते. महिन्याने आठवते ते शब्द, स्पेलिंग आठवत नाही. म्हणून एकच नियम ठरवा, उदाहरणार्थ ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, दोनदा ए कधीच नाही, सगळी अक्षरे लहान, दोन शब्दांमध्ये आडवी रेघ. मग माळ कागदावर लिहून तीन दिवस रोज एकदा हाताने टाइप करा. थेट देवनागरीत पासवर्ड ठेवण्याचा मोह टाळा. बऱ्याच साइट तो घेत नाहीत, आणि ज्या घेतात तिथेही दुसऱ्या कीबोर्डवरून तेच अक्षर वेगळ्या सांकेतिक क्रमाने जाऊ शकते. डोळ्यांना 'ऱ्या' तोच दिसतो, संगणकाला तो वेगळा असतो.

आता क्रम. सुरुवात जीमेलपासूनच, बँकेपासून नाही. फेसबुक, आयआरसीटीसी यांचे 'पासवर्ड विसरलात?' दाबले की कडी शेवटी ईमेलवर किंवा मोबाइल नंबरवर येऊन थांबते. ज्याच्या हातात या दोन गोष्टी त्याच्या हातात सगळे. फोनमध्ये सेटिंग्ज, मग गुगल, मग खाते व्यवस्थापन, मग सुरक्षा. पासवर्ड बदलण्याआधी रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल पाहा. सेवा केंद्रात काढलेल्या खात्यांत तिथे केंद्रचालकाचा नंबर किंवा भलताच ईमेल सापडतो. त्या दिवशी तुमच्या फोनला रेंज नसेल, ओटीपी लवकर हवा असेल, त्याने स्वतःचा टाकला असेल. त्याच्या मनात काही वाईट असायची गरज नाही. त्याचा फोन चोरीला गेला तरी तुमचे खाते उघडे पडते. तो नंबर काढा, स्वतःचा टाका, मग पासवर्ड बदला. नंतर 'तुमची डिव्हाइस' या यादीत जाऊन अनोळखी संगणक, विकून टाकलेला जुना फोन, भाच्याचा लॅपटॉप, सगळ्यांतून साइन आउट करा. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक जुनी लॉगिन आपोआप तुटतात, तरी यादी डोळ्यांखालून घाला.

एक जागा बहुतेकांकडून राहून जाते. कुणी खात्यात शिरून गेला असेल तर तो मेल पुढे पाठवण्याची सोय किंवा फिल्टर लावून गेलेला असू शकतो. मग पासवर्ड कितीही बदला, बँकेच्या मेलची प्रत त्याला मिळत राहते. हे जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये दिसतच नाही. संगणकावर, किंवा फोनच्या क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' निवडून जीमेल उघडा, सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' हे दोन्ही टॅब रिकामे आहेत ना ते पाहा.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री. एसएमएसचा ओटीपी काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरा, पण त्याला तीन भोके आहेत. पहिले, सिम बदलून घेण्याची फसवणूक, म्हणजे तुमच्या नंबरचे नवे सिम चोराने मिळवणे. दुसरे, पीएम किसानची यादी किंवा आरटीओचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइली. त्या टाकल्या की ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ती दिली की ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. प्ले स्टोअरबाहेरून आलेली एपीके, पाठवणारा सख्खा मामा असला तरी, उघडू नका. मामाचा फोन आधीच गेलेला असू शकतो. तिसरे भोक रेंजचे. धडगाव, अक्कलकुवा किंवा यावल-रावेरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यांवर एसएमएस तासाने येतो, तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते.

ऑथेंटिकेटर ॲपला रेंज लागत नाही. फोन आणि वेबसाइट यांच्याकडे एकच गुप्त किल्ली असते. ती आणि घड्याळ यांवरून दर ३० सेकंदांनी सहा आकडे तयार होतात. म्हणून फोनची वेळ 'ऑटोमॅटिक'वर हवी. हाताने लावलेले घड्याळ दोन-तीन मिनिटे पुढे-मागे असले की बरोबर आकडेही चुकीचे ठरतात, आणि लोक ॲप खराब आहे म्हणून काढून टाकतात. फोन बदलताना जुना फोन देऊन टाकण्यापूर्वी ॲपमधली खाती नव्या फोनवर हलवा. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून गुगल खात्याशी सिंक करायची सोय आहे, ती चालू असेल तर हे काम सोपे. पण जीमेलचेच आकडे जीमेलच्या खात्यात अडकले, असे होऊ देऊ नका. त्यासाठी गुगलचे बॅकअप कोड आहेत: आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून घ्या आणि सातबारा, रेशनकार्ड ज्या फाइलीत आहे तिथे लावा. गॅलरीत त्यांचा स्क्रीनशॉट ठेवलात तर फोन हरवल्यावर तोही हरवणार.

पासकी हा याहून पुढचा प्रकार. पासवर्डच नाही, फोनचे बोट किंवा लॉक हीच किल्ली, आणि खोट्या वेबसाइटवर ती चालतच नाही. चांगली आहे, वापरा. फक्त तुमच्या घरी चार जणांत दोन फोन आहेत, हे लक्षात असू द्या. ज्याचे बोट त्या फोनवर नोंदलेले आहे, त्या प्रत्येकाला ती पासकी चालते. शेजारच्या पोराने गेमसाठी नोंदवलेले बोट आधी काढा.

नंबरबद्दल आणखी थोडे, कारण नंदुरबार-धुळ्याकडून सुरतेला कामाला जाणाऱ्या घरांत हे फार होते. गावाकडचे सिम रिचार्जवाचून बंद पडते, तिकडे नवीन घेतले जाते. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. तुमच्या जीमेलला, बँकेला, आधारला तोच जोडलेला असेल तर ओटीपी आता परक्या माणसाकडे जातो, त्याने काहीही न करता. आधी सगळीकडे नंबर बदला, मग सिम सोडा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते, आणि हरवलेला हँडसेटही तिथूनच ब्लॉक करता येतो. जमल्यास सिमला पिन लावा. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनात घातले तर ते पिन मागते. तीनदा चुकले की सिम अडते आणि कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो, म्हणून पिन वहीत हवाच. लॉक स्क्रीनवर ओटीपीचा मजकूर दिसणेही नोटिफिकेशनच्या सेटिंगमधून बंद करा. फोन कुलूपबंद असतानाही ओटीपी वाचता येत असेल तर कुलपाचा उपयोग अर्धाच.

मॅनेजरचे म्हणाल तर, दोन्ही फोन अँड्रॉइड असतील आणि घरात कुणाला सेटिंगच्या खटपटीची हौस नसेल तर क्रोममधला गुगल पासवर्ड मॅनेजर पुरेसा आहे. त्याची सुरक्षा फोनच्या लॉकइतकीच, म्हणून पॅटर्न काढून सहा आकडी पिन लावा, आणि तो यूपीआय पिनपेक्षा वेगळा ठेवा. घरात संगणकही असेल, किंवा प्रत्येकाची तिजोरी वेगळी हवी असेल, तर बिटवॉर्डन हा मॅनेजर घ्या. फुकट योजनेतही पासवर्डच्या संख्येला मर्यादा नाही. कीपास पूर्ण ऑफलाइन चालते, पण फाइलीची ताजी प्रत कुठल्या फोनात आहे हे सांभाळत बसावे लागते. दोन फोनांच्या घरात मी ते सुचवणार नाही.

'मॅनेजरच हॅक झाला तर?' हे विचारणे रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजर बनवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते. त्यामुळे ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि फाशाचा होता त्यांच्या तिजोऱ्या फोडणे परवडत नाही, आणि ज्यांचा नाव-जन्मसाल छापाचा होता त्यांनी सगळेच पासवर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. सहा शब्दांचा खर्च इथे वसूल होतो. मात्र बिटवॉर्डनचा मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. तो कागदावर हवाच.

मॅनेजरचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. तो वेबसाइटच्या पत्त्यातले मुख्य नाव (डोमेन) अक्षरन् अक्षर जुळले तरच पासवर्ड भरतो. बँकेसारख्याच दिसणाऱ्या खोट्या पानावर माणूस फसतो, मॅनेजर गप्प बसतो. तो भरत नसेल तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता वाचा. याला हल्लीचा एक अपवाद आहे: रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितले. जुना पासवर्ड जुन्या पत्त्याखाली साठवलेला, त्यामुळे खऱ्या बँकेतही मॅनेजर भरणार नाही. अशा वेळी पासबुकावर किंवा शाखेत विचारून नवा पत्ता खात्रीने घ्या आणि मॅनेजरमधल्या नोंदीत तो बदला. एसएमएसमध्ये आलेल्या लिंकवरून हे करू नका.

वहीला लोक उगाच घाबरतात. रशियातल्या चोराला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. तिला धोका घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, आणि तो तुम्हाला मोजता येतो. वहीत खात्याचे नाव, युजर आयडी आणि पासवर्ड लिहा, पण बँकेच्या आणि जीमेलच्या पासवर्डचे शेवटचे चार-पाच अक्षरांचे शेपूट लिहू नका. ते फक्त तुम्हा नवरा-बायकोच्या डोक्यात राहू द्या. एटीएम आणि यूपीआयचा पिन वहीतही नको. वाईट जागा वेगळ्याच आहेत: व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेला मेसेज, कॉन्टॅक्टमध्ये 'बँक पासवर्ड' नावाने ठेवलेला नंबर, पासबुकाच्या मागच्या पानाचा फोटो, एटीएम कार्डाच्या पाकिटावर पेनने लिहिलेले चार आकडे.

आता सेवा केंद्र. ते टाळा असे म्हणण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, शेवटच्या तारखेला सगळा तालुका तिथेच असतो. काउंटरवरून 'तुना पासवर्ड काय शे?' असे विचारले गेले की तो मोठ्याने न सांगता कीबोर्ड स्वतःकडे ओढा आणि टाइप करा. खिडकी इन्कग्निटोची, म्हणजे बंद केल्यावर लॉगिन न साठवणारी, उघडायला सांगा. ब्राउझरने 'सेव्ह करू का' विचारले तर नाही. कागद पाठवायला तिथल्या संगणकावर तुमचे व्हॉट्सॲप जोडले असेल तर निघण्याआधी फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून तो संगणक काढा, दुकानात उभे असतानाच. घरी गेल्यावर ते राहूनच जाते. महाडीबीटीचे खाते केंद्रचालकाने काढून दिले असेल तर त्याने सगळ्या ग्राहकांना एकाच साच्याचा पासवर्ड दिला असण्याची शक्यता धरा. अर्ज भरून झाला की त्याच रात्री घरी मुलीने तो बदलावा आणि नोंदवलेला मोबाइल घरचाच आहे का ते पाहावे.

ई-आधारची पीडीएफ तिथे डाउनलोड होऊन राहते, तीही काढायला सांगा. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मसाल. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे तुमचे नाव आणि जन्मसाल ज्याला माहीत त्याच्याकडे त्या कुलपाची चावी असते. जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार द्या. अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय वापरत नसाल तर एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. गरज पडली की तिथूनच थोड्या वेळासाठी उघडता येते.

आयआरसीटीसीचे खाते एजंटाला 'वापरायला' देऊ नका. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार पडताळणी झालेलेच खाते लागते. भुसावळहून सुट्टीची तिकिटे काढताना कुणी खाते मागितले तर त्याला तुमच्या आधारवर उभे असलेले खाते हवे आहे.

सुरक्षा प्रश्नांची खरी उत्तरे देऊ नयेत. आईचे माहेरचे आडनाव, जन्मगाव, पहिली शाळा, या गोष्टी गावात कुणालाही माहीत असतात. आणि एखादी लग्नपत्रिका उघडून पाहा: आजोळ, मामांची आडनावे, गाव, तालुका, दोन-तीन मोबाइल नंबर, सगळे एका फोटोत, आणि तो फोटो पाच ग्रुपवर. जन्मगावाच्या रकान्यात यंत्राने बनवलेला काहीतरी शब्द टाका आणि मॅनेजरच्या टीपेत लिहून ठेवा.

पासवर्ड दर महिन्याला का बदलू नये, तेही सांगतो. अमेरिकेत अशी मानके ठरवणाऱ्या निस्ट या संस्थेने २०१७ पासून ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको असेच म्हटले आहे. सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो, आणि हे चोरालाही ठाऊक असते. बदलायचा तो कारण पडल्यावर: यादीत सापडला, कुणाला सांगितला गेला, फोन हरवला, भाच्याशी बिनसले. काही बँका अजून मुदत लावतात, तिथे मॅनेजरला नवा बनवू द्या. बँकांची लांबीची मर्यादाही वेगवेगळी असते, कुठे १५ किंवा २० अक्षरांवर पासवर्ड अडतो. त्यामुळे तिथे शब्दांची माळ न वापरता मॅनेजरचा विस्कळीत पासवर्ड, त्या बँकेला चालेल तेवढा लांब, हेच बरे.

व्हॉट्सॲपला टू-स्टेपचा सहा आकडी पिन लावा आणि त्यासोबत ईमेलही जोडा. ईमेल नसताना पिन विसरलात तर सात दिवस थांबावे लागते.

हे सगळे एका बैठकीत करू नका, मधेच चूक होते. पहिल्या संध्याकाळी जीमेल, बॅकअप कोड आणि वही. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आणि नेटबँकिंग. फेसबुक, आयआरसीटीसी, महाडीबीटी त्या आठवड्यात. उरलेली खाती जेव्हा उघडाल तेव्हा बदला. भाच्याला मदतीसाठी काही लागतच असेल तर त्या कामापुरते तुम्ही फोनवर स्क्रीनवरचे काय ते वाचून दाखवा, ओटीपी मात्र सांगू नका. त्याच्याकडे कायमचा पासवर्ड ठेवायची गरज नाही, आणि हे त्याला सरळ सांगितले तर त्याला वाईट वाटू नये.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सोबत बँकेला, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येते ती तेव्हाच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच ठिकाणी, असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमच्यावर काही बोजा येत नाही. पण पासवर्ड किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून शाखेत तोंडी सांगून परत येऊ नका. तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्या.